मास्तरांचा सिनेमा आणि काकींचं उभं भात

आमच्या घरमालकांना अन्यायाची फार चीड होती. निवडणूक जवळ आली की ती चढे आणि निकाल लागला की उतरे, हंगामी तापासारखी. एरवी ते जमिनीच्या व्यवहारात असत.

तेव्हा आम्ही पुण्याबाहेर, नांद्याच्या पुढे, रिह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात भाड्याने राहत होतो. नव्या शतकाची पहिली चार-पाच वर्षं सरली असतील. नवरा आणि मी दोघंही परभणीकडचे, दोघंही हिंजवडीच्या बाजूला नोकरीला. तो शिफ्टमध्ये असे. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहीत असे, म्हणजे कुणीही न वाचणारं गद्य. घरमालकांनी भाताची जमीन विकून आधी दुमजली घर बांधलं, मग भाडेकरूंसाठी खोल्या, मग मंगल कार्यालय. आमचं सामान उतरत असताना पुस्तकांची खोकी बघून त्यांनी विचारलं होतं, "म्याडम, दुकान काढायचं हाय का?"

"नाही, वाचायची आहेत."

"सगळी?"

या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला आजही देता येत नाही.

माझ्या कंपनीची बस जिथे थांबायची, त्याच्या बरोबर समोर एक भाताचं खाचर होतं. ते घरमालकांच्या चुलतीचं. गाव त्यांना काकी म्हणे, म्हणून मीही काकी म्हणू लागले. काकी विधवा होत्या, मुलगी कासारसाईला दिलेली, आणि स्वभाव असा की बांधावरून कुत्रं गेलं तरी त्याला आधी कूळ विचारावं. त्या खाचराच्या मागची सगळी जमीन घरमालकांनी एका बिल्डरबरोबर मिळून बंगल्यांच्या योजनेसाठी घेतली होती. डांबरी रस्ता खाचराच्या पुढे, बंगले खाचराच्या मागे. योजनेच्या रंगीत नकाशात कमानीचं भव्य प्रवेशद्वार दाखवलं होतं, ते नेमकं काकींच्या भातात उभं होतं. काकी म्हणाल्या, विकायचं न्हाई. तोवर गाडीवाटेने मागून वळसा घालून जावं लागे, आणि बंगला घेणारी माणसं वळसा घालत नाहीत.

मग गावात काहीतरी झालं. बैठक झाली नाही, ठराव झाला नाही, कुणी कुणाला काही सांगितल्याचं ऐकिवात नाही. पण गिरणीचा पट्टा काकींच्या दळणापुरता तुटू लागला. हळदीकुंकवाची बोलावणी करणाऱ्या बायका त्यांच्या दारापर्यंत येऊन चप्पल तुटल्यासारख्या परत फिरू लागल्या. आणि त्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, काकींच्या सावडीला कुणी आलं नाही.

सावड म्हणजे एकमेकांच्या रानात फुकट राबायचं. आज तुम्ही माझं भात कापा, उद्या मी तुमचं कापते. मजुरी नाही. ज्याचं रान, त्याने सकाळी बांधावर भाकरी द्यायची. ती भाकरी खाल्ली की माणूस सावडीत आला, आणि ज्याने तुमच्याकडे खाल्ली त्याची सावड तुम्ही त्याच्या रानात जाऊन फेडायची. गावात इतर सगळ्या गोष्टींची तोंडं फिरली होती, हा नियम मात्र शाबूत होता. मजूर लावावेत म्हटलं, तर ते सगळे बांधकामांवर, आणि त्यांचे ठेकेदार घरमालकांच्या ओसरीवर चहाला.

तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंची खाचरं कापून मोकळी झाली होती, आणि मध्ये काकींचं भात पिवळंधमक उभं होतं. पिकलेलं भात फार दिवस वाट बघत नाही. दाणे झडायला लागतात. बसची वाट बघताना मला रोज दिसायचं, काकी एकट्या वाकून एक कोपरा कापताहेत, आणि कापलेल्यापेक्षा उरलेलं रोज जास्त वाटतंय.

अशा दिवसांत घरमालक जिना चढून आमच्याकडे आले. हातात मिठाईचा पुडा होता, म्हणजे काम मोठं होतं.

"म्याडम, भाषाण लिवून द्यायचं हाय."

"कशावर?"

"अन्याव."

त्यांच्या पक्षाचे एक जुने नेते होते. पंचायत समितीच्या तिकिटाची शिफारस त्यांच्या हातात. हे नेते कुठल्याशा कार्यक्रमात म्हणाले होते की लहानपणी एक चित्रपट पाहून त्यांचं आयुष्य बदललं. शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका खेड्यातल्या शाळामास्तरांचा चरित्रपट, काळा-पांढरा. मास्तरांनी स्वतःची विहीर सगळ्यांना खुली केली म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकलं, अशी गोष्ट. घरमालकांनी सीडी मिळवली आणि आपल्या मंगल कार्यालयात रविवारी दुपारी प्रयोग लावला. नेते प्रमुख पाहुणे. आयुष्य पुन्हा एकदा बदलायला येणार होते.

"तुम्ही पाहिलाय का हा चित्रपट?" मी विचारलं.

"बघायचं काय त्यात? संतमान्साचा हाय. कव्हरावर पगडी हाय."

मी भाषण लिहून दिलं. तीन परिच्छेद, प्रत्येकात एक दीपस्तंभ. इतकं पोकळ लिहायला कौशल्य लागतं, आणि तो माझा व्यवसायच होता.

रविवारी गाव लोटलं. खिडक्यांना काळं कापड लावलं होतं. प्रोजेक्टरला हार घातला होता आणि त्याच्यापुढे नारळ फोडला होता. नारळाचं पाणी यंत्रात जाईल म्हणून ऑपरेटर दोन्ही हात आडवे धरून उभा होता. पुढे नवरा-नवरीचा लाल मखमली सोफा ठेवला होता. त्यावर नेते बसले. एकटेच, पण मध्यभागी, त्यामुळे दोन्ही बाजूंना वधूची जागा रिकामी असल्यासारखं दिसत होतं.

पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. मी डावीकडे जागा शोधू लागले तेव्हा भिंतीला लागून बायका दाटीने उभ्या होत्या, आणि मधली एक अख्खी रांग मोकळी होती. त्या रांगेत काकी बसल्या होत्या. धुवट नऊवारी, पायाशी चपला, हात मांडीवर. कुणी त्यांना उठवलं नव्हतं. त्यांच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं, एवढंच. पुढच्या आणि मागच्या रांगेतल्या त्यांच्याजवळच्या खुर्च्याही रिकाम्या. एका बाईचं मूल तिकडे धावलं, तर आईने त्याला फ्रॉकला धरून मागे ओढलं.

मी जाऊन शेजारी बसले. याला धैर्य म्हणू नये. माझे पाय दुखत होते.

काकींनी माझ्याकडे मान न वळवता विचारलं, "तू हितं कशाला बसलीस?"

"खुर्ची रिकामी आहे म्हणून."

"त्याची भाडेकरू न्हवं तू?"

"हो."

"मग भाडं वाढवील तो." एवढं बोलून त्यांनी पदर सारखा केला आणि पडद्याकडे बघू लागल्या.

चित्रपट वाईट नव्हता. जुन्या चित्रपटांत माणसं फार सावकाश उभी राहतात आणि प्रत्येक वाक्यानंतर दूर कुठेतरी बघतात, तेवढं सोडलं तर. मास्तर विहिरीचं कुलूप काढतात. गावातले पुढारी मिशा पिळतात. मग एकेक दार बंद होतं. न्हावी येत नाही, सुतार येत नाही, पोरांना शाळेतून काढून नेतात. आणि मग तो प्रसंग: मास्तरांच्या घरातली चूल विझलेली, बाहेर वाऱ्याचं थैमान, आणि त्यांची बायको हातात खापर घेऊन विस्तव मागायला दारोदार फिरते. एक दार बंद. दुसरं बंद. तिसऱ्या दारात मास्तरांची सख्खी भावजय उभी, ती डोळ्यांत पाणी आणून दार लावते.

बायकांच्या बाजूला हुंदके सुरू झाले. घरमालकीणबाईंनी पदर तोंडात कोंबला होता. सगळ्यात मोठ्याने गिरणीवाली रडत होती. "मेल्यांच्या हाताला लकवा मारंल," ती पडद्यावरच्या दारांना म्हणाली, "इस्तू दिला तर काय झिजत हुतं का?"

हे ती भिंतीला टेकून उभी राहून म्हणत होती. तिच्यापुढे पाच-सहा रिकाम्या खुर्च्या होत्या, आणि त्यांच्यापलीकडे काकी. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं. मला ढोंग परवडतं, ते ओळखता तरी येतं. पण ही बाई मनापासून रडत होती, आणि उद्या तिच्या गिरणीचा पट्टा मनापासून तुटणार होता. अन्याय काळा-पांढरा असला, पगडी घालून आला आणि मागे सनई वाजत असली, की तो आपल्याला लगेच ओळखू येतो.

काकी रडल्या नाहीत. सगळं सभागृह मुसमुसत असताना त्या चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या, "घरात काड्याची पेटी न्हवती व्हय?"

शेवटी मास्तर खंगून जातात. मग गाव त्यांचा पुतळा उभारतं आणि ज्यांनी दारं लावली तेच हार घालायला पुढे येतात. दिग्दर्शकाला हे बोचरं वाटलं असावं. आमच्या सभागृहाला ते सुखान्त वाटलं. टाळ्या झाल्या. दिवे लागले. नेते सोफ्यावर झोपलेले होते. टाळ्यांनी जागे होऊन त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मग घरमालक माइकसमोर गेले. माझा कागद त्यांनी खिशातून काढला, पहिल्या दीपस्तंभापर्यंत वाचला आणि पुन्हा खिशात घातला. चित्रपटानं त्यांच्यावर परिणाम केला होता. माणसाला स्वतःचाच आवाज स्पीकरमधून ऐकू आला की कागद पुरत नाही.

"मायबाप हो," ते म्हणाले, "ह्या मास्तरांच्या टायमाला मी असतो, तर सगळं गाव एकीकडं आन मी एकटा मास्तरांच्या बाजूला असतो! साहेबांच्या साक्षीनं सांगतो, माझ्या गावात कुणावर अन्याव झाला, तर मी नुसता भाषाण करनारा न्हाई. मी सोता रानात उतरनार! माझ्या गावात कुनी एकटं पडनार न्हाई!"

टाळ्या पडल्या. त्या विरायच्या आत माझ्या शेजारची खुर्ची कुरकुरली. काकी उभ्या राहिल्या होत्या.

"मग उद्या ये," त्या म्हणाल्या. "माझं भात उभं हाय."

घरमालकांनी माइकवर हात ठेवला.

"काकी, आपुन घरी बोलू," ते म्हणाले.

"घरी तू येत न्हाईस आन मला बोलवत न्हाईस. हितंच बोल. येतुयास का न्हाई?"

इथे घरमालक निसटले असते. काकींची प्रकृती, वय, वेळ, काहीतरी निघालं असतं. पण प्रमुख पाहुण्यांना गावातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. नुकताच जागा झालेला माणूस जरा जास्तच उत्साही असतो. ते सोफ्यावरून उठले.

"वा! याला म्हणतात कार्यकर्ता!" ते म्हणाले. "अवश्य जा. आमच्या काळात आम्ही असेच विळा घेऊन रानात उतरायचो. फोटो काढा, पेपरला द्या. मला कात्रण पाठवा, मी वर दाखवतो."

तिकीट ज्यांच्या हातात, त्यांनी सांगितलं म्हणजे विषय संपला.

सोमवारी सकाळी मी बसथांब्यावर पोचले तेव्हा खाचराशी घरमालकांची गाडी उभी होती. पांढरा कडक सदरा, गॉगल, दोन कार्यकर्ते, एक फोटोग्राफर. हातातला विळा इतका नवा होता की मुठीवर दुकानाचं लेबल तसंच होतं. रस्त्यावर बायका जमल्या होत्या. कुणी शेतात उतरत नव्हतं, कुणी घरीही जात नव्हतं. माझी बस आली आणि गेली. वाचायची इतकी पुस्तकं घरी पडलेली असताना माणूस काय काय वाचत बसतो.

घरमालकांनी भाताची मूठ शेंड्याला धरली.

"शेंड्याला काय धरतुयास? लोंबी झडती," काकी ओरडल्या. "मुळाशी धर. वाक की जरा. वाकायचं इसारला का?"

"फोटोपुरतं हाय काकी," फोटोग्राफर म्हणाला.

"फोटोपुरतं असलं तरी दाणं माझंच हायेत."

घरमालक वाकले. पाच-दहा मुठी कापून झाल्यावर ते कंबर धरून सरळ झाले आणि गाडीकडे बघू लागले. तेवढ्यात काकींनी बांधावर फडकं सोडलं. तांदळाची भाकरी, वर सुकटीची चटणी. त्यांनी अर्धी भाकरी मोडून पुतण्यापुढे धरली.

"घे."

"न्हाई, मी खाऊन आलोय."

"दादा, घ्या की," फोटोग्राफर गुडघ्यावर बसत म्हणाला. "चुलती भाकरी देतीया, पुतण्या खातुया. लई भारी फोटो व्हईल. जरा हिकडं बघा. आन चावा की, नुसती धरू नका."

घरमालकांनी घास घेतला. फ्लॅश उडाला. अजून एक, म्हणाला फोटोग्राफर, आणि त्यांनी अजून एक घास घेतला. मग, मला वाटतं, सुकटीची चव त्यांना लागली असावी. लहानपणी हीच चटणी खाऊन ते याच बांधावर वाढले होते. त्यांनी अर्धी भाकरी संपवली.

रस्त्यावर कुजबूज झाली. माझ्या शेजारी उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "खाल्ली की गं त्यानं."

"आगं, फोटोसाठी," दुसरी म्हणाली.

"खाल्ली ती खाल्ली. पोटात गेली ना? सावडीत आला तो."

त्या व्यवहारी माणसानं जमिनीचे इतके कागद केले होते की बांधावरची भाकरी हाही एक करार असतो, हे तो विसरला होता. गावाला मात्र ते आठवत होतं. काकींना सावड नाही याचा अर्थ घरमालकांची मर्जी नाही. आता घरमालकच सावडीत आले होते, आणि साक्षीला कॅमेरा होता. मग बाकीच्यांनी रस्त्यावर उभं राहायचं ते कशासाठी?

पहिली गिरणीवाली खाली उतरली. काल मास्तरांच्या बायकोसाठी ढाळलेल्या अश्रूंशी याचा काही संबंध असेल असं मला वाटत नाही. तिने पदर खोचला, विळा आणायला कुणालातरी घरी पिटाळलं आणि बांधावर येऊन म्हणाली, "काकी, भाकरी हाय का संपली?"

"तुझ्या गिरणीचा पट्टा न्हाई का तुटला आज?" काकी म्हणाल्या.

"झाला दुरुस्त."

"मग बस. आन रडू नको हितं. भात भिजंल."

घरमालक गाडीजवळ उभे राहून हे सगळं बघत होते. थांबवायचं तर काय सांगून थांबवणार? एकामागून एक बायका उतरल्या. उशिरा कामावर जाऊन संध्याकाळी मी परत आले तेव्हा खाचर मोकळं होतं आणि पेंढ्या खळ्यावर जाऊन पडल्या होत्या.

फोटो पेपरात आला. "वंचितांच्या बांधावर", असं काहीतरी शीर्षक होतं. घरमालकांनी तो मोठा करून मंगल कार्यालयाच्या दारात लावला. पुतण्याच्या तोंडात भाकरी आहे आणि चुलती त्याच्याकडे असं बघतेय की जणू तो घास मोजला जातोय.

पण सावड एका बाजूची नसते. झोडणी उरकल्यावर एका सकाळी काकी विळा घेऊन आमच्या अंगणात हजर झाल्या. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते.

"सावड फेडाया आले," त्यांनी पुतण्याला हाक मारून सांगितलं. "कुटं कापायचं?"

घरमालक दाढीचा साबण लावलेल्या तोंडाने बाहेर आले. "काकी, माझं भात कुटं हाय आता?"

"ते मला काय इचारतुयास? हुतं ना तुझ्या बापाचं?"

"इकलं ना ते. जावा तुमी घरी. फिटली सावड."

"तू म्हनून फिटत न्हाई. उद्या गाव म्हनंल, काकीनं फुकट राबवून घेतला. मी कुनाची सावड ठिवत न्हाई."

त्या निघाल्या त्या थेट योजनेच्या जागेवर. तिथे बुकिंगच्या ऑफिसपुढे हिरवळ लावली होती. पुण्याहून गुंडाळ्या आणून अंथरलेली, रोज दोनदा टँकरने पाणी पाजलेली. येत्या रविवारी त्याच नेत्यांच्या हस्ते त्याच हिरवळीवर कोनशिला बसायची होती. वॉचमन बिहारकडचा. तो धावत आला, "माताजी, ये क्या कर रही हो?" काकींनी त्याला मराठीतच सांगितलं, "तुझ्या मालकाचं भात कापतीया. हो बाजूला." विळा हातात असलेल्या बाईशी वाद घालायची अक्कल त्याला होती. तो फोन शोधायला गेला.

घरमालक पोचेपर्यंत खाली लाल माती दिसत होती. काकींनी गवताच्या पेंढ्या बांधून ओळीने लावून ठेवल्या होत्या, भाताच्या लावतात तशा. एक पेंढी म्हशीला म्हणून डोक्यावर घेतली. "बाकीची तुझी," म्हणाल्या, आणि गेल्या.

कोनशिला बसली. मंगल कार्यालयाचा हिरवा गालिचा आणून अंथरला होता. नेते त्यावर उभे राहून पर्यावरणावर बोलले. कमान मात्र मागच्या गाडीवाटेवर उभारावी लागली, आणि तिकीट दुसऱ्यालाच मिळालं.

त्या महिन्यात आमचं भाडं वाढलं. कारण विचारलं तर घरमालक म्हणाले, "सगळंच म्हाग झालंय, म्याडम." आम्ही दुसरीकडे खोल्या बघायला लागलो. सामान हलवण्याच्या आधी एका सकाळी मी बसची वाट बघत होते. काकी खाचरात उन्हाळी भाजीसाठी वाफे करत होत्या.

"वाढवलं का भाडं?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"वाढवलं."

"मी सांगितलं हुतं."

"पुढच्या वर्षी सावडीला बोलावणार का पुतण्याला?"

काकींनी हातातलं ढेकूळ फोडलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"छ्या," त्या म्हणाल्या. "लई दाणं सांडतो तो."